शेजारी कोण असेल? एका बेटावरच्या पाच रात्रींचं प्रकरण

दादरला माझं छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे. मी, एक मदतनीस आणि भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा, एवढाच पसारा. हे प्रकरण मे २०२४ मधलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रिसॉर्टचं आणि विमान कंपनीचं नाव दिलेलं नाही. काकू आणि त्यांची मुलगी, दोघींनाही विचारूनच लिहिते आहे. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लिही की, पण जनरेटरचं विसरू नकोस." ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

काका बेस्टच्या वीजपुरवठा विभागातून निवृत्त झालेले, वय ७०. काकू ६६ वर्षांच्या. काकूंचं माहेर मालवणचं, लग्नानंतरची तीस वर्षं गिरगावातल्या चाळीत गेली, आता मुलुंडला टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर राहतात. लग्नाला २४ मे २०२४ रोजी चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. आईबाबांना 'आयुष्यात एकदा तरी' म्हणावं असं काहीतरी द्यायचं, असं मुलीनं ठरवलं होतं. तिला हवं होतं एकच रिसॉर्ट असलेलं एकाकी बेट, पर्यावरणाचा विचार करणारं, आणि गर्दी अजिबात नको.

पहिली बैठक माझ्या ऑफिसात झाली. मुलगी बोलत होती, जावई हिशेब करत होता, काका नकाशा बघत होते. मी लॅपटॉपवर बेटाचा वरून काढलेला फोटो दाखवला. पाचूच्या तुकड्याएवढं बेट, भोवती पांढरी कड, टोकाला एकटाच व्हिला. काकूंनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि विचारलं, "शेजारी कोण असेल गं?"

सगळे हसले. मीही हसले. या प्रकरणातली पहिली चूक ती, आणि पुढे जे झालं त्याची मुळं तिथंच आहेत. काकूंनी प्रश्न विचारला होता, आम्ही तो विनोद म्हणून घेतला.

कुठं जायचं, यावर झालेली चर्चा

मुलाचं, म्हणजे काकूंच्या धाकट्याचं, म्हणणं होतं की लक्षद्वीपच. जानेवारीत पंतप्रधानांच्या लक्षद्वीप दौऱ्यानंतर मालदीवशी जी वादावादी झाली, ती घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही पोहोचली होती. मी लक्षद्वीप मनापासून तपासलं. परमिट लागतं, कोचीहून अगत्तीला छोटं विमान जातं, पुढे बंगारामला बोटीनं जायचं, तिथं तंबूंत राहायची सोय. मुलीच्या मनात होतं तसं आलिशान काही तेव्हा तिथं नव्हतं. सुहेली आणि कदमतवरच्या ताज रिसॉर्टची घोषणा २०२३ मध्ये झाली होती, पण घोषणेत कुणाला झोपवता येत नाही.

अंदमानात स्वराजद्वीपला चांगली रिसॉर्ट आहेत. पण मॉन्सून देशात सगळ्यात आधी अंदमानातच पोहोचतो, साधारण वीस मेच्या सुमारास, आणि पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) पुढचा प्रवास फेरीचा. समुद्र खवळला की फेरी बंद. काकूंचे गुडघे आणि फेरीची शिडी यांचं जमलं नसतं.

काकांनी हळूच सुचवलं, "मालवणला जाऊया का? आंबे पण आहेत." ते कुणी मनावर घेतलं नाही.

राहिलं मालदीव. मुंबईहून थेट विमान, तीन तासांच्या आत माले, भारतीयांना पोहोचल्यावर तीस दिवसांचा मोफत व्हिसा. मेच्या अखेरीस तिथंही नैर्ऋत्य मॉन्सून सुरू झालेला असतो, पण त्यामुळेच दर उतरलेले असतात. बा अ‍ॅटॉलमधलं (अ‍ॅटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) एक रिसॉर्ट निवडलं. हा अ‍ॅटॉल २०११ पासून युनेस्कोचं जैवावरण राखीव क्षेत्र आहे. तिथल्या हनिफारू उपसागरात पावसाळ्याच्या महिन्यांतच मांटा रे नावाचे अवाढव्य मासे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खायला जमतात. सिलिंडर लावून डुबकी मारायला तिथं बंदी आहे, फक्त पृष्ठभागावरून पोहत बघायचं. काकांचे डोळे चमकले. निवड झाली.

पैशांबद्दल थोडं, कारण इथं बरेच जण फसतात. रिसॉर्टच्या दरपत्रकात आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं असतात. त्यांचा अर्थ तेव्हा होता १० टक्के सेवाशुल्क आणि त्या सगळ्यावर १६ टक्के पर्यटन जीएसटी. म्हणजे १०० डॉलरचं जेवण १२७ डॉलर ६० सेंटला पडायचं. शिवाय माणशी रात्रीला ६ डॉलर हरित कर, जो पुढे २०२५ पासून १२ डॉलर झाला. आपल्याकडे परदेशी सहलीच्या पॅकेजवर तेव्हा वर्षाला ७ लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस (विकतानाच गोळा केला जाणारा आगाऊ कर) होता, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. पॅकेज ६ लाख ४० हजारांत बसवलं आणि मुलीच्या पॅनवर घेतलं, म्हणजे तिच्या विवरणपत्रात तो वळता होईल. या हिशेबावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. काकू रात्री कशा झोपतात यावर दोन मिनिटंही नाही.

प्रवासाचा निर्णय आणि त्याचं झालेलं

मालेहून बेटावर जायला दोन रस्ते होते. पहिला सी-प्लेनचा: पाण्यावर उतरणारं पंधराएक आसनांचं ट्विन ऑटर, अर्ध्या तासाचा प्रवास, खाली निळ्या बांगड्यांसारखे अ‍ॅटॉल. दुसरा देशांतर्गत विमानाचा, म्हणजे धारावंधू विमानतळापर्यंत साधं विमान आणि पुढे वीस मिनिटं स्पीडबोट. दुसरा रस्ता स्वस्त, आणि मुख्य म्हणजे रात्रीही चालतो. सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. दुपारी साडेतीन-चारनंतर माले गाठलं तर त्या दिवशीचं विसरायचं.

मी दोन्ही सांगितले. मुलीनं सी-प्लेन निवडलं. "ताई, त्या फोटोसाठीच तर चाललेत ते." काका-काकूंचं विमान दुपारी बाराला मालेत पोहोचणार होतं, हाताशी चार तास होते. मी मान डोलावली.

२० मेला मुंबईचं मतदान होतं. मत दिल्याशिवाय काका हलणार नव्हते, म्हणून निघायचं ठरलं बुधवारी, २२ तारखेला. सकाळी टर्मिनल दोनवर पोहोचल्यावर काकूंचा फोन आला, "देव बॅगेत ठेवलेत, हातातल्या पिशवीत घेऊ का?" माझ्या पोटात गोळा आला. पूजेसाठीच्या मूर्ती मालदीवमध्ये आणायला मनाई आहे, आणि हे मी सांगायलाच विसरले होते. दारू नको, डुकराचं मांस नको, हे यादीत होतं. प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म ९६ तासांच्या आत भरायचा, तो मीच भरला होता. देवांचं राहिलं. काकूंच्या डबीत पितळेचा बोटभर गणपती आणि अन्नपूर्णा होती. सोडायला आलेला जावई अजून पार्किंगमध्ये होता, त्याला परत बोलावून काचेच्या दारापाशी डबी त्याच्या हातात दिली. काकू काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांत देवांशिवाय पहिला प्रवास, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मग विमानाला पाच तास उशीर झाला. काका-काकू मालेत पोहोचले तेव्हा सी-प्लेनची धावपळ आवरली होती. संध्याकाळच्या देशांतर्गत विमानात एकच जागा शिल्लक होती. रात्र त्यांनी विमानतळाजवळच्या हुलहुमालेच्या हॉटेलात काढली. आम्ही घेतलेल्या विम्यात उशिराची भरपाई सहा तासांनंतर सुरू होत होती, त्यामुळे तिकडूनही हात हलवत परत. दुसऱ्या दिवशी सकाळी ढग खाली आलेले, सी-प्लेन कधी सुटेल कुणी सांगेना. तेव्हा मी वाट न बघता साडेदहाच्या धारावंधू विमानात दोन जागा घेतल्या. या प्रकरणात मी वेळेवर घेतलेला बहुधा हा एकच निर्णय. २३ तारखेला दुपारी दोघं बेटावर पोहोचले. पाचातली एक रात्र गेली होती.

खरी अडचण

शुक्रवारी, २४ तारखेला लग्नाचा वाढदिवस. रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. काकू कुजबुजत होत्या.

"झोपलीस का गं? इथं आवाजच नाही. काल पण डोळ्याला डोळा लागला नाही."

व्हिला बेटाच्या उत्तर टोकाला होता, शेवटचा. त्या टोकासाठी मुलीनं जास्तीचे पैसे भरले होते. शेजारचा व्हिला झाडीपलीकडे, त्या आठवड्यात रिकामा. किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, तेजस्वी दिव्यांनी ती भरकटतात, म्हणून वाटेवरचे दिवे घोट्याएवढे आणि मंद. न्हाणीघराला छप्पर नाही, वर आकाश. बदामाच्या झाडावर मोठी वटवाघळं रात्रभर किंचाळत होती. आणि काका झोपताना कानातलं यंत्र काढून ठेवतात. म्हणजे बेटाच्या त्या टोकाला रात्रभर जागं असलेलं माणूस एकच होतं.

"चाळीत कुणाचा तरी रेडिओ असायचा, कुणाचं बाळ रडायचं," काकू म्हणाल्या. "मुलुंडला लोकल तरी ऐकू येते. इथं मी मेले तरी सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही."

संध्याकाळच्या खास जेवणाचंही सांगितलं. वाळूवर टेबल, चौफेर मशाली, दोघंच. "आम्ही दोघं जेवत होतो आणि पाच जण बाजूला उभे राहून बघत होते. घास उतरेना."

मग त्या म्हणाल्या, "परवा संकष्टी आहे. देव नाहीत. आम्हाला उद्याच घरी आण. आणि हे हिला सांगू नकोस, तिनं एवढे पैसे घातलेत."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंधारात बसून होते. बाहेर सेनापती बापट मार्गावर ट्रक जात होते. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला म्हणायचं.

समोर असलेले पर्याय

पहिला, उद्याच परत आणणं. आयत्या वेळची तिकिटं दोघांची मिळून चाळीस हजारांच्या पुढे जात होती, रिसॉर्टकडून उरलेल्या रात्रींचा पैसा परत नाही. पण खरा अडसर पैशांचा नव्हता. काकू दोन दिवस आधी घरी आल्या असत्या तर मुलीला कळलंच असतं, आणि ती भेट दोघींच्या मनात कायमची आंबून बसली असती.

दुसरा, बेट बदलणं. २००९ पासून मालदीवमध्ये वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस चालवायला परवानगी आहे. शेजारच्या बेटावर स्वच्छ खोली मिळत होती, खाली दुकान, समोर शाळा. काकूंना आवडलं असतं. पण पावसात सामान घेऊन पुन्हा बोट, पुन्हा नवी जागा, आणि काकांचं काय? काका त्या बेटावर सुखात होते. सकाळी लाईफ जॅकेट घालून प्रवाळ बघायला जात होते, कासव दिसलं म्हणून मला तीन मेसेज आले होते.

तिसरा, तिथंच राहून जागा आणि दिवस बदलणं. हा पर्याय सगळ्यात स्वस्त होता म्हणून मला आधी संशय आला. ट्रॅव्हलवाल्याला सोयीचा तो पर्याय ग्राहकाच्या गळ्यात मारायची सवय या धंद्यात सगळ्यांनाच असते, मला नाही असं कसं म्हणू. म्हणून सकाळी आधी काकूंनाच विचारलं, घरी नक्की कशासाठी यायचंय? थोडं थांबून त्या म्हणाल्या, "रात्री कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. आणि दिवसा बोलायला कुणीतरी."

'हाकेच्या अंतरावर.' एवढं नेमकं माप मला कुठल्याच फॉर्मवर मिळालं नव्हतं.

काय केलं

शनिवारी सकाळी रिसॉर्टच्या ड्यूटी मॅनेजरला फोन लावला. तो सज्जन माणूस. पाहुणे नाराज आहेत म्हटल्यावर त्यानं लगेच पाण्यावरचा व्हिला देऊ केला, वरच्या दर्जाचा, विनामूल्य. म्हणजे आणखी दूर, खाली समुद्र, आणि काकूंना पोहता येत नाही! मी नको म्हटलं. मला धक्क्याजवळचा, स्वयंपाकघराच्या मागचा, सगळ्यात स्वस्त व्हिला हवा होता. तो गप्प झाला. मग म्हणाला, तिथं भांड्यांचा आवाज येतो, पहाटे बोटी लागतात, पाहुणे तक्रार करतात. मी म्हटलं, तोच द्या.

दोन्ही व्हिलांच्या दरातला फरक आणि बुडालेली रात्र यांचे पैसे परत मिळणार नव्हते. अर्धा तास घासाघीस झाली, शेवटी त्याबदल्यात रविवारी थुलाधू या वस्तीच्या बेटावर खास बोट आणि एक वाटाड्या ठरला.

मुलीला मी काय सांगितलं? "आईंच्या गुडघ्यामुळे आणि अंधाऱ्या वाटेमुळे व्हिला बदलला." खोटं त्यात काही नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. पैसे एकाचे आणि प्रवास दुसऱ्याचा असतो तेव्हा माझा ग्राहक कोण, हा प्रश्न मी त्या दिवशी टाळला.

शनिवारची रात्र काकू झोपल्या. पहाटे पाचला बर्फाच्या पेट्या उतरवणारी पोरं ओरडत होती, त्यांनी जाग आली. "बरं वाटलं," म्हणाल्या.

त्याच दिवशी काकांनी बेटाचं पोट बघून घेतलं. पाहुण्यांना मागची बाजू दाखवायची रिसॉर्टची फेरी असते, सहसा दोनतीन जण येतात. काका वही घेऊन गेले. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं आरओ यंत्र, तिथंच काचेच्या बाटल्यांत भरलं जाणारं पाणी, ओल्या कचऱ्याचं खत, छपरांवरची सौर तावदानं. आणि झाडीमागे, जाड भिंतींच्या खोलीत, डिझेलचे जनरेटर. काकांनी भार विचारला, रात्री किती टक्के कशावर चालतं ते विचारलं. रात्रीचं जवळपास सगळं डिझेलवर. "गाळणी उत्तम आहे," काकांनी मला लिहिलं, "पण चूल डिझेलचीच." डिझेल बोटीनं येतं, सुका कचरा बोटीनं जातो. कुठं जातो हेही त्यांनी विचारलं. मालेजवळ थिलाफुशी नावाचं बेट आहे, १९९० च्या दशकापासून कचऱ्याच्या भरावावर वाढत गेलेलं. 'इको' हा शब्द दरपत्रकावर वाचून मी पुढे पाठवते, त्याच्या मागे जाऊन भार विचारणारा हा माझा पहिलाच ग्राहक.

प्रवाळाचंही तसंच. काकांनी पहिल्या दिवशी मला लिहिलं होतं, "पांढरे शुभ्र प्रवाळ, संगमरवरासारखे." तिथल्या सागरी जीवशास्त्रज्ञ मुलीनं त्यांना सांगितलं की पाणी तापलं की प्रवाळ आपल्या आत राहणारी शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ती उपासमार असते. १९९८ मध्ये झालं, २०१६ मध्ये झालं, आणि त्या एप्रिलमध्येच जगभरातल्या चौथ्या विरंजनाची, म्हणजे प्रवाळ असे पांढरे पडण्याची, घोषणा झाली होती. काकांनी तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला. मांटा रे मात्र दिसले नाहीत. पाण्यात उतरायच्या दोन्ही वेळा वाऱ्यामुळे रद्द झाल्या.

रविवार, २६ तारीख. थुलाधू हे बेट लाकडावरच्या लाखकामासाठी ओळखलं जातं. लाल-काळ्या-पिवळ्या डब्या, लेथवर फिरवून लाख चढवलेल्या. काकू त्या हातात घेऊन बघत राहिल्या, कारण सावंतवाडीची खेळणी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. कारागिराच्या आईशी त्यांची गट्टी जमली. हिंदी सिनेमांमुळे तिथं बऱ्याच जणांना थोडंफार हिंदी कळतं, काकूंचं हिंदी गिरगावातलं, तेवढ्यावर दीड तास निघाला. कुपा मासा वाळवून कसा ठेवतात, रोशी म्हणजे आपली पोळीच कशी, गुडघ्याला काय लावतात. निघताना त्या आजींनी डब्यातून सुपारी काढून पुढे केली. तिकडे जेवणानंतर सुपारी खायची पद्धत आहे. काकूंनी उपास आहे म्हणून खाल्ली नाही, पण एक अख्खी मागून घेतली आणि रुमालाच्या टोकाला बांधली.

मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसात होते आणि मोठ्यानं हसले. मूर्ती नसेल तिथं सुपारीचा गणपती मांडायचा, हे आपल्या घरातल्या कुठल्याही पूजेत होतं. मूर्तीची अडचण मी चार दिवस मनात घोळवत होते आणि काकूंनी ती गाठ मारून सोडवली होती.

स्वयंपाकघरातला एक शेफ केरळचा. तांदळाची पिठी, नारळ, गूळ म्हटल्यावर तो म्हणाला, हे तर आमचं कोळुकट्टा. फक्त त्याचे गोळे गुळगुळीत. काकू आत गेल्या आणि त्याला कळ्या पाडायला शिकवल्या. पहिल्या दोन फुटल्या.

राहिला चंद्रोदय. कॅलेंडरात मुंबईचा चंद्रोदय रात्री दहाच्या सुमाराचा होता. पण मालेचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, आणि रिसॉर्टनं स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवलेलं, म्हणजे आपल्या अर्धा तास पुढे. काकू गोंधळल्या. काकांनी कागद घेतला. माले मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, पण विषुववृत्ताजवळ, आणि चंद्र त्या दिवसांत दक्षिणेकडे झुकलेला, म्हणून तिथं तो सुमारे अर्धा तास आधी उगवणार. अर्धा तास वजा, अर्धा तास अधिक. रिसॉर्टच्या घड्याळात पुन्हा दहाच! आकाशात ढग होते, चंद्र दिसला नाहीच. मुंबईच्या पावसाळ्यात तरी कुठं दिसतो? काकूंनी पूर्वेला अर्घ्य दिलं, सुपारीपुढे मोदक ठेवला आणि उपास सोडला.

निष्पत्ती

सहल पूर्ण झाली. जास्तीचा खर्च हुलहुमालेचं हॉटेल आणि दोन जागा एवढाच. त्यातला हॉटेलचा भाग मी सोसला, कारण सी-प्लेनसाठी चार तास पुरतील असं मीच मानलं होतं.

मुलीला पूर्ण गोष्ट जूनमध्ये कळली, तीही शेफच्या मेसेजवरून. त्यानं कळ्या पाडलेल्या मोदकांचा फोटो काकूंना पाठवला होता, आणि आई स्वयंपाकघरामागे का राहायला गेली हे तिनं विचारलं. ती ऑफिसात आली. रागावली नव्हती, दुखावली होती. "मला सांगितलं असतं तर मी फोन करून रात्रभर बोलत बसले असते," म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता वेगळं काय करेन

वृद्धांना सी-प्लेनचं बुकिंग देताना आदल्या रात्रीचं विमान घेईन, नाहीतर जाताना धारावंधूमार्गे आणि येताना सी-प्लेन. देवांचं वाक्य यादीत दारूच्याही वर गेलं आहे. पैसे भरणारा आणि प्रवास करणारा वेगळे असतील तर बुकिंगच्याच दिवशी दोघांसमोर विचारते: तिथं काही बिनसलं तर मी कुणाला सांगायचं? काकूंनी त्या रात्री जो शब्द घेतला, तो मी द्यायला नको होता. "दोन दिवसांत तुम्हीच सांगा, नाहीतर मी सांगेन," एवढं म्हणायला हवं होतं.

फॉर्मवर दोन नवे प्रश्न आले आहेत. रात्री झोपताना खिडकी उघडी असते की बंद? आणि घरातलं कोण रात्री जागं असतं? एका जोडप्यानं नुकतंच दोन्हींवर एकमेकांकडे बघून वेगवेगळी उत्तरं दिली.

एका गोष्टीवर मुलीचं आणि माझं अजून पटलेलं नाही. तिच्या मते सी-प्लेन घेतलं ते बरोबरच होतं, कारण परतीला, २७ तारखेला सकाळी, ऊन पडलं आणि दोघांना ते मिळालं. अनवाणी वैमानिक, पंख्यांचा कान फाटेल असा आवाज, कानात घालायला दिलेले बोळे. काकांनी काढलेला फोटो ऑफिसातल्या नकाशाशेजारी लावला आहे. खिडकीत पूर्ण अ‍ॅटॉल दिसतो, निळ्याच्या सात छटा, आणि खिडकीला डोकं टेकून काकू गाढ झोपलेल्या. बोळे हातातच आहेत.